ऊस डोक्यावर गेला की नोड मुका का होतो?

मामाचा फोन ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. दर वर्षी. "अरे, तुझं ते यंत्र परत मुकं झालंय बघ. कालपासनं मोबाईलवर एकच आकडा दाखवायलंय."

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यात त्याचा साडेतीन एकर ऊस आहे. त्यात चार नोड, म्हणजे मातीची ओल मोजून रेडिओवरून आकडा पाठवणाऱ्या छोट्या पेट्या, मी बसवल्यात. पहिल्या वर्षी फोन आला तेव्हा रेडिओचं मॉड्यूल बदललं. नवीन मॉड्यूल दोन दिवस चाललं आणि गप्प झालं. दुसऱ्या वर्षी बॅटरी बदलल्या. डिसेंबरात तोड झाली आणि नोड आपोआप बोलायला लागले, तेव्हा मला वाटलं आपण दुरुस्त केलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा तोच फोन. मग मात्र वही घेऊन बांधावर बसलो आणि लिहायला लागलो: कोणता नोड, किती वाजता गप्प झाला, किती वाजता परत आला, त्या वेळी पाऊस होता की ऊन, मोटर चालू होती की बंद. हे पहिल्याच वर्षी केलं असतं तर दोन मॉड्यूल आणि आठ बॅटऱ्यांचे पैसे वाचले असते.

हीच पेटी, हाच प्रोग्राम मी आणखी दोन ठिकाणी लावला आहे. एक खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर भात आणि काजूत. दुसरी अथणीकडे द्राक्षबागेत. मामाकडचे नोड ऑगस्टात जातात, खानापूरचे जुलैत, अथणीचे एप्रिल-मेमध्ये आणि तेही दुपारीच. जिल्हा एक, पण कणकुंबीकडचा पाऊस आणि अथणीकडचं ऊन हे दोन वेगळे मुलूख आहेत. एकीकडची दुरुस्ती दुसरीकडे लागू पडत नाही. म्हणून खाली जे लिहितोय ते बिघाडाच्या नावाने नाही, बिघाडाच्या वेळेनुसार लिहितोय.

मांडणी अशी आहे: लोराचा, म्हणजे कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ, १८६५० आकाराची एक लिथियम-आयन बॅटरी, सहा व्होल्टचं छोटं सोलर पॅनेल, मातीत ओलीचा सेन्सर. दर पंधरा मिनिटांनी एक निरोप. ते निरोप ऐकून इंटरनेटवरच्या सर्व्हरला देणारा गेटवे घराच्या गच्चीवर.

सगळ्यात आधी निरोपाचा नंबर बघा

पाना, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा. प्रत्येक निरोपाबरोबर एक वाढता नंबर येतो, त्याला फ्रेम काउंटर म्हणतात. नोड गप्प होण्याआधीचा शेवटचा नंबर आणि परत आल्यावरचा पहिला नंबर, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.

४१२ नंतर एकदम ४३१ आला, तर नोड जिवंत होता. मधले अठरा निरोप त्याने पाठवले, ते पोचले नाहीत. दोष वाटेत आहे: अँटेना, कनेक्टर, उंची, पाला. ४१२ नंतर ० किंवा १ आला, तर नोड मेला होता आणि पुन्हा जन्मला. दोष विजेत आहे. आणि सहा तासांच्या शांततेनंतर ४१३ आला, तर तो ना मेला ना बोलला, नुसता अडकून बसला. हा प्रोग्रामचा दोष. बहुतेक वेळा सेन्सरकडून उत्तर येण्याची वाट बघत तो थांबलेला असतो. त्याला वॉचडॉग, म्हणजे अडकला की आपोआप पुन्हा सुरू करणारा टायमर, लावा आणि सेन्सरसाठी थांबायची वेळ ठरवून द्या.

एक फसगत इथेच सांगतो, कारण ती मी पूर्ण एक जुलै भोगली आहे. गेटवेच्या नोंदीत नोडचे निरोप दिसत होते आणि मोबाईलवर काहीच नाही. झालं होतं असं की नोड एबीपी पद्धतीने, म्हणजे ओळखीच्या किल्ल्या आधीच आत भरून, जोडलेला होता. वीज गेली, तो पुन्हा सुरू झाला आणि नंबर शून्यापासून मोजायला लागला. सर्व्हरच्या लेखी ४१२ होऊन गेलेले. त्यामुळे १, २, ३ हे जुनेच निरोप कोणीतरी पुन्हा पाठवतंय असं समजून तो फेकून देत होता. चोर समजून घरच्याच माणसाला दारात अडवण्याचा प्रकार. उपाय दोन: ओटीएए पद्धतीने जोडा, म्हणजे नोड जागा झाला की नव्याने ओळख करून घेतो. नाहीतर नंबर फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, जपून ठेवा.

ऊस वाढला की बंद

मामाच्या वहीत नंबर उड्या मारत होते. म्हणजे नोड ठीक, वाट खराब. जानेवारीत खोडवा गुडघ्याएवढा असताना मी नोड दीड मीटरच्या पाइपवर लावले होते. तेव्हा गच्चीवरची अँटेना डोळ्यांना दिसत होती. ऑगस्टात तोच ऊस दोन पुरुष उंच. नोड पाल्यात बुडाला होता आणि मी मॉड्यूलला शिव्या देत होतो.

पण नुसतं पाल्यातून डोकं वर काढून भागत नाही. दोन अँटेनांच्या मध्ये लहर सुतासारखी सरळ जात नाही. तिला मधे फुगलेल्या दुधी भोपळ्याएवढी जागा लागते. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा हवा. ८६६ मेगाहर्ट्झला ६०० मीटर अंतरासाठी या भोपळ्याची मध्यावरची त्रिज्या साधारण सव्वासात मीटर येते, म्हणजे साठ टक्के धरले तर चार-सव्वाचार मीटर. ऊस तीन मीटर. दोन्ही मिळून मधल्या बिंदूवर लहरीची रेघ जमिनीपासून सातेक मीटरवर असायला हवी. मामाच्या गच्चीवरची अँटेना नऊ मीटरवर आहे. मग नोडची अँटेना पाच मीटरवर नेली की मध्य बरोबर सातवर येतो. एवढं गणित मी तीन वर्षं केलं नव्हतं.

पाल्यातून किती सिग्नल मरतो याचा अंदाज हवा असेल तर झाडीसाठी वाइसबर्गरचं एक सूत्र आहे. त्यानुसार १०० मीटर दाट पाल्यातून ८६६ मेगाहर्ट्झचा सिग्नल सुमारे १९ डेसिबल घटतो, तर २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे झिगबी किंवा वायफायचा, सुमारे २५-२६. वीस डेसिबल घट म्हणजे ताकद शंभरावा हिस्सा. सूत्र झाडांसाठीचं आहे, उसासाठीचं नाही, त्यामुळे आकडा काटेकोर धरू नका. पण उसाच्या रानात झिगबी का टिकत नाही ते यावरून कळतं. विकत घेतलेले २.४ गिगाहर्ट्झचे संच जानेवारीच्या प्रात्यक्षिकात झकास चालतात. प्रात्यक्षिक ऑगस्टात दाखवा म्हणा.

उंची वाढवताना एक चूक बहुतेक जण करतात. मीही केली. पेटी खालीच ठेवून अँटेना तेवढी पातळ केबलने वर नेली. आरजी १७४ सारखी बारीक केबल या फ्रिक्वेन्सीला दर मीटरला जवळपास एक डेसिबल खाते. पाच मीटर वर नेलेल्या अँटेनाची कमाई खालपर्यंत येता येता पाच डेसिबलने कमी. त्यापेक्षा अख्खी पेटीच वर चढवा, अँटेना थेट तिच्या डोक्यावर लावा आणि सेन्सरची वायर खाली सोडा. मात्र सेन्सर आयटूसी, म्हणजे आखूड वायरीसाठीच्या पद्धतीचा असेल तर पाच-सहा मीटर वायरीवर तो नीट बोलत नाही. तिथे लांब वायरीवर चालणारा आरएस-४८५ चा सेन्सर घ्या. महाग पडतो, पण दरवर्षी ऑगस्टात चिकोडीला फेऱ्या मारण्यापेक्षा स्वस्त.

खांब लोखंडी असेल तर अँटेना खांबाच्या टोकाच्या वर यायला हवी, खांबाला चिकटून शेजारी नको. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लावलेली अँटेना त्या दिशेला आंधळी होते. टाकी प्लास्टिकची आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आडवं येतं ते आतलं पाणी.

आता ऑगस्टच का, जुलै का नाही? इथे एक गंमत आहे. लोरावॅनमध्ये, म्हणजे लोराचे नोड आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यात, एडीआर नावाची सोय असते. सिग्नल चांगला आहे असं दिसलं की सर्व्हर नोडला सांगतो, भरभर आणि हळू आवाजात बोल, बॅटरी वाचेल. फेब्रुवारीत रान मोकळं. नोड एसएफ ७ वर (एसएफ म्हणजे किती सावकाश बोलायचं त्याची पायरी, ७ सगळ्यात भरभर, १२ सगळ्यात सावकाश) आणि कमी ताकदीवर जाऊन बसला. ऊस वाढत गेला तसा सिग्नल रोज थोडा थोडा घसरला. एसएफ ७ ला ऐकण्याची सीमा उणे १२३ डीबीएमच्या आसपास. सीमा ओलांडेपर्यंत काही कळत नाही आणि ओलांडली की एकदम शांत. नोड स्वतःहून सावरतो, पण उत्तर न मिळालेले ६४ निरोप आणि वर ३२, असे ९६ निरोप गेल्यावर पहिली पायरी उतरतो. पंधरा मिनिटांचा हिशोब धरा: बरोबर चोवीस तास. पुढची प्रत्येक पायरी आठ तासांनी. मामा ज्याला "दोन दिवस गेलं, परत आलं, परत गेलं" म्हणत होता, ते हे.

यावर एडीआर बंद करून सगळे नोड कायमचे एसएफ १२ वर टाका असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. एसएफ १२ म्हणजे ओरडून बोलणं नव्हे, एकेक अक्षर सुटं करून बोलणं. वीसेक बाइटचा निरोप एसएफ ७ ला पन्नास-साठ मिलिसेकंदांत संपतो, एसएफ १२ ला सव्वा ते दीड सेकंद लागतो. पूर्ण ताकदीला रेडिओ १२० मिलिअँपिअर ओढतो. दिवसाचे ९६ निरोप धरले तर एसएफ ७ ला दिवसाला ०.२ मिलिअँपिअर-तास, एसएफ १२ ला जवळजवळ पाच. शिवाय गावात नोड वाढले की लांब निरोप एकमेकांवर आदळतात. आधी उंची वाढवा. मग जूनमध्ये, ऊस वाढायच्या आत, एसएफ ९ किंवा १० वर बांधून टाका आणि तोड झाली की मोकळं करा. शेतीचं कॅलेंडर सर्व्हरला ठाऊक नसतं, ते आपणच सांगावं लागतं.

पहाटे बंद, अकराला चालू

हा खानापूरचा आजार. वहीत वेळ बघितली की औषध कळतं. पहाटे तीन-चारच्या सुमारास गप्प, ऊन वर आलं की परत, आणि नंबर शून्यापासून. बॅटरी रात्र काढू शकत नाही एवढाच अर्थ. जुलैत मात्र अकरालाही परत येत नाही.

इथे लोक मोठं पॅनेल लावतात. मीही दुप्पट लावलं होतं. जांबोटीकडे जुलैत दिवसच उजाडत नाही तिथे पॅनेल काय करणार? खर्च कमी करायला हवा, आणि खर्च रेडिओचा नसतो, झोपेचा असतो. नोड पंधरा मिनिटांतली चौदा मिनिटं पन्नास सेकंद झोपलेला असतो. त्या झोपेत किती करंट जातो ते मल्टिमीटर मालिकेत लावून मोजा. माझ्या बोर्डवर दहा मिलिअँपिअर निघाला. एक लाल एलईडी, एक जुन्या धाटणीचा रेग्युलेटर आणि कायम चालू ठेवलेला सेन्सर, तिघे मिळून. २६०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी दहाने भागा: २६० तास, म्हणजे अकरा दिवस. आणि आपला तरणा नि म्हातारा पाऊस मिळून चार आठवडे. अकरा दिवसांची शिदोरी घेऊन चार आठवड्यांच्या वाटेला निघालेला माणूस मधेच बसणारच.

एलईडी उपटून काढला. रेग्युलेटर कमी करंट खाणारा घेतला. सेन्सरला मॉसफेटचा स्विच लावला, म्हणजे वाचनापुरता तो जागा होतो. झोपेचा करंट ०.१ मिलिअँपिअरच्या खाली आला. तीच बॅटरी, तेच जुनं पॅनेल. पुढचा पाऊस त्याने उन्हाशिवाय काढला. दुप्पट पॅनेल आता मामाच्या गोठ्यातल्या दिव्याला आहे.

बॅटरीचं व्होल्टेज निरोपात पाठवत नसाल तर आजच सुरू करा. तेही निरोप पाठवतानाचं, आरामातलं नव्हे. दमलेली बॅटरी आरामात ३.७ दाखवते आणि रेडिओ सुरू होताच खाली कोसळते. नोड रिसेट होतो आणि आपण "बॅटरी तर फुल आहे" म्हणत बसतो. चार्ज न करता वापरायच्या ३.६ व्होल्टच्या लिथियम थायोनिल क्लोराइडच्या सेलमध्ये हे आणखी वाईट. बरेच दिवस पडून राहिला की आत थर धरतो आणि पहिल्या झटक्याला व्होल्टेज देत नाही. त्याच्या जोडीला मोठा कपॅसिटर हवाच.

पाऊस थांबल्यावर बंद

"पावसानं सिग्नल जातोय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचं सोडलंय. ८६६ मेगाहर्ट्झला पडत्या पावसाने होणारी घट नगण्य असते. थेंबांचा त्रास होतो तो डिश टीव्हीसारख्या कितीतरी वरच्या फ्रिक्वेन्सीला. नेदरलँड्समध्ये २००५ च्या सुमारास बटाट्याच्या शेतात असंच जाळं लावून बघितलं होतं. तिथे तर रात्री आणि पावसात, हवा दमट असताना, लहर जास्त चांगली पोचते असं आढळलं. मग आपल्याकडे जातं काय? पाण्याने निथळणारा पाला आणि पाणी शिरलेला कनेक्टर, या दोघांतलं एक.

दोघांना ओळखायचं कसं, तर परत यायला लागणाऱ्या वेळेवरून. पाला असेल तर पाऊस उघडून वारा सुटला की तासाभरात सिग्नल पूर्वीसारखा. कनेक्टरमध्ये पाणी असेल तर पाऊस चालू असताना सगळं ठीक, थांबल्यावर काही तासांनी आरएसएसआय, म्हणजे पोचलेल्या सिग्नलची ताकद, एकदम पंधरा-वीस डेसिबलने खाली, आणि दोन-तीन दिवस ऊन खाल्ल्यावर हळूहळू वर. कनेक्टर उघडून बघा, आत हिरवट मळ दिसेल.

खानापूरच्या पहिल्या पेटीवर मी ग्लँडभोवती, म्हणजे केबल पेटीत शिरते त्या तोंडाभोवती, सिलिकॉन थापलं होतं. व्हिनेगरचा वास येणारं, काच बसवायला वापरतात ते. ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. पाणी आत आलं नाही, पण बोर्डचे पाय हिरवे झाले. वास नसलेलं न्यूट्रल सिलिकॉन घ्या, किंवा कनेक्टरला आधी रबर टेप ताणून गुंडाळा आणि वर साधी इन्सुलेशन टेप. ग्लँड नेहमी पेटीच्या तळाला, केबल आत जाण्याआधी खाली लोंबकळती ठेवा म्हणजे थेंब तिथूनच टपकतो.

आणि पेटी हवाबंद करण्याचा हट्ट सोडा. दिवसा तापली की ती हवा बाहेर टाकते, रात्री गार झाली की ओली हवा आत ओढते. ती हवा आत थंड होऊन पाणी होते आणि बाहेर जायला वाट नाही. सिलिका जेलची पुडी खानापूरच्या जूनमध्ये आठवडाभरात भिजून जाते. तळाला बारीक भोक ठेवा, त्यावर स्टीलची दाट जाळी. जाळी विसरलात तर मुंग्या येतात. मी विसरलो होतो. पेटी उघडली तर अंडी, माती आणि त्याखाली कुठेतरी माझा बोर्ड. बोर्डवर ओलीपासून जपणाऱ्या कन्फॉर्मल कोटिंगचा एक हात मारून ठेवा, मात्र कनेक्टर आणि अँटेनाची जागा झाकून.

त्याच भागात माकडं अँटेना उपटतात आणि गवे खांबाला अंग घासतात. त्यावर माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक उपाय नाही. खांब दोन फूट खोल काँक्रीटमध्ये.

दुपारी एक ते चार बंद

अथणी. एप्रिल-मे. बाहेर चाळीस अंश असताना काळ्या पेटीच्या आत साठच्या वर जातं. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आपल्या सगळ्यांच्या लाडक्या टीपी४०५६ च्या स्वस्त चार्जर बोर्डवर तापमान बघणारी पिन जमिनीला जोडून निकामी केलेली असते. म्हणजे ऐन दुपारी, ऐन तापलेली बॅटरी, ऐन उन्हात चार्ज होत राहते. दोन उन्हाळ्यांत फुगते. रेडिओची चिपसुद्धा तापली की थोडी हळू बोलते आणि थोडं कमी ऐकते. सिग्नल आधीच काठावर असेल तर ती थोडीशी घट दुपारी जाणवते, संध्याकाळी नाही.

पेटी पांढरी घ्या आणि पॅनेलच्या सावलीत, मध्ये चार बोटं हवा खेळती ठेवून लावा. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली तर उन्हाळा जास्त सोसते, पण चार्जर त्याच जातीचा बदलावा लागतो. ३.६ व्होल्टपर्यंतच चार्ज होणाऱ्या या बॅटरीला ४.२ चा चार्जर लावू नका.

द्राक्षबागेत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या उसात नसतात. मांडवाच्या तारा म्हणजे डोक्यावरची लोखंडी जाळी. अँटेना तिच्या खाली ठेवली की पिंजऱ्यात कोंडल्यासारखी होते. मांडवाच्या हातभर वर काढा. दुसरं, बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची फवारणी. छाटणीनंतर महिन्याभरात पॅनेलवर निळसर पापुद्रा चढतो आणि बॅटरी उतरायला लागते. हे मला बागायतदारांनी सांगितलं, मी चार्जर बदलायच्या तयारीत होतो. ओल्या फडक्याने पुसलं आणि झालं.

सगळेच एकदम बंद

चारही नोड एकाच मिनिटाला गेले तर रानात जाऊ नका. गेटवेकडे जा.

मोटर सुरू होण्याच्या वेळेशी मेळ बसतो का बघा. थ्री-फेज आली, स्टार्टर बसला, दाब खाली गेला आणि त्याच लाइनवरचा गेटवे रिसेट. गेटवेला बारा व्होल्टची स्वतंत्र बॅटरी द्या आणि स्टार्टरच्या पेटीपासून लांब ठेवा. वळवाच्या दिवसांत विजांचा कडकडाट झाला आणि नंतर गेटवे सुरू आहे पण बहिरा आहे, तर अँटेनाच्या वाटेने रेडिओचा पुढचा भाग जळाला असणार. विजेचा झटका जमिनीत सोडणारा अरेस्टर आणि नीट अर्थिंग आधी लावायच्या गोष्टी आहेत, नंतरच्या नव्हेत.

निपाणीकडचा एक गेटवे मात्र दिवसातून कधीही जायचा. मोटर नाही, वीज नाही, पाऊस नाही. डोंगल बदलला, सिम बदललं. शेवटी कळलं की तो कधी कर्नाटकाचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा, आणि डोंगलमध्ये डेटा रोमिंग बंद होतं. पलीकडचा टॉवर पकडला की त्याच्या मते तो परमुलखात. इंटरनेट बंद. एक खूण केली आणि काम झालं. सीमाप्रश्न १९५६ पासून माणसांना सुटलेला नाही, मोडेमला काय सुटणार!

नवीन गेटवे घेतलात आणि पहिल्या दिवसापासूनच कोणी ऐकू येत नसेल तर पट्टा तपासा. भारतात लोरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. ऑनलाइन मागवलेला माल बऱ्याचदा ९१५ चा असतो, आणि अँटेनावर तर काहीच लिहिलेलं नसतं. पाव लहरीची तार या पट्ट्यात साधारण साडेआठ सेंटिमीटर भरते. सतरा सेंटिमीटरच्या आसपास भरली तर ती बहुधा ४३३ ची.

सिग्नल आहे, आकडा खोटा

हा नेटवर्कचा दोष नाही, पण फोन मलाच येतो. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि सेन्सरभोवती हवा राहते. रान नुकतंच पाजलेलं असलं तरी आकडा कोरडाच दाखवतो, कारण पाणी भेगेतून खाली निघून गेलं. सेन्सर पुरताना त्याच जागेची माती चाळून, चिखल करून भोवती दाबायची. खानापूरच्या तांबड्या मातीवर बसवलेलं मोजमाप चिकोडीच्या काळ्या मातीला चालत नाही, दोन्हीकडे वेगळं कॅलिब्रेशन करावं लागतं: एक नमुना पूर्ण वाळवून, एक पाणी निथळेपर्यंत भिजवून. आकडा अचानक शून्य किंवा अचानक पूर्ण झाला तर आधी वायर बघा. उसात उंदीर असतात. वायर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपातून न्या.

मामाचे चारही नोड आता पाच मीटरच्या जीआय पाइपवर आहेत, पायाला काँक्रीट, वरून दोन ताण. गेल्या ऑगस्टात फोन आला तो वेगळ्याच कामाचा होता. डिसेंबरात मात्र पुन्हा आला. तोडीची टोळी उतरली होती आणि पाल्यात खाली जाणारी सेन्सरची वायर कोयत्याला कुठली दिसायला? तीन नोड एका सकाळीत गेले. यंदा तोडीच्या आदल्या दिवशी वायर वर गुंडाळून ठेवायची आणि प्रत्येक पाइपला जमिनीपासून चार फुटांवर लाल फडकं बांधायचं ठरलंय. फडकी मामीच्या जुन्या लुगड्याची.